करुणेला मैत्रीची जोड हवी



चांगुलपणाची गोष्ट ऐकली की माणसाचे डोळे भरून येतात. यात वाईट काही नाही. परंतु डोळे पुसून झाल्यावर तो माणूस काय करतो, हा धम्माचा प्रश्न आहे. आजच्या विवेचनासाठी मी मुद्दाम एका इंग्रजी चित्रपटाचे उदाहरण घेतो, कारण तो पाहणाऱ्यांत दोन तट पडले आणि त्या दोन्ही तटांकडून आपल्याला शिकण्यासारखे आहे.

अमेरिकेत २००० साली ‘पे इट फॉरवर्ड’ हा चित्रपट निघाला. कॅथरीन रायन हाइड या लेखिकेच्या कादंबरीवरून मिमी लेडर या दिग्दर्शिकेने तो काढला. नावाचा अर्थ असा की, उपकाराची परतफेड मागे करू नका, ती पुढच्या माणसाला करा. लास व्हेगासच्या शाळेत एक गुरुजी सातवीच्या मुलांना स्वाध्याय देतात : जग बदलेल अशी एक कल्पना शोधा आणि ती प्रत्यक्षात आणा. ट्रेव्हर नावाचा मुलगा फळ्यावर आकृती काढतो. मी तिघांना मदत करीन, मात्र ती मदत अशी हवी की जे काम त्यांना स्वतःला जमत नाही. त्यांनी मला काही द्यायचे नाही; त्यांनी आणखी तिघांना मदत करायची.

पुढे हा मुलगा एका व्यसनी, बेघर माणसाला घरी आणून जेवू घालतो. तो माणूस पुन्हा व्यसनात पडतो, पण कालांतराने तोच पुलावरून उडी घ्यायला निघालेल्या एका स्त्रीला थांबवतो. एका वार्ताहराला अनोळखी माणूस आपली महागडी मोटार देऊन टाकतो. ट्रेव्हरची दारूने ग्रासलेली आई स्वतःच्या आईला क्षमा करते. शेवटी मार खाणाऱ्या मित्राला सोडवताना चाकू लागून ट्रेव्हर मरतो आणि रात्री त्याच्या घरासमोर शेकडो लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहतात.

पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांनी सांगितले की, आम्ही रडलो आणि आम्हाला चांगले वागावेसे वाटले. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, हा चित्रपट प्रेक्षकाच्या डोळ्यांतून पाणी ओढून काढतो. मुलाला मारले ते केवळ रडवण्यासाठी. कित्येक समीक्षकांचा रोख या शेवटावरच होता. आणखी काही म्हणाले, अशी साखळी प्रत्यक्षात टिकतच नाही.

प्रथम हिशेब पाहू. एकाचे तीन, तिनाचे नऊ, नवाचे सत्तावीस. दहाव्या पायरीला ५९,०४९ माणसे होतात, विसाव्या पायरीला ३४८ कोटींहून अधिक, आणि एकविसाव्या पायरीला जगाची सारी लोकसंख्या मागे पडते. फळ्यावरचे गणित बरोबर आहे. पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. एक, कोणीही मध्येच थांबणार नाही. दुसरी, मदत नेहमी नव्या माणसाकडे जाईल, म्हणजे माणूस आपल्या जातीबाहेर, आळीबाहेर, नात्यागोत्याबाहेर पाहील. आपल्या देशात साखळी तुटते ती बहुधा या दुसऱ्या ठिकाणी. तीन माणसे निवडायला सांगितली तर निवडलेली तिन्ही आपल्याच घरची निघतात!

आता या चित्रपटाचीच एक बाब पाहा. मूळ कादंबरीतील गुरुजी रूबेन सेंट क्लेअर हे कृष्णवर्णीय आहेत. व्हिएतनामच्या युद्धात त्यांचा चेहरा विद्रूप झालेला आहे. पडद्यावर येताना ते गोरे झाले, त्यांचे नाव बदलले आणि चेहऱ्यावरचे व्रण बापाने जाळल्याचे झाले. व्रण ठेवले, वर्ण मात्र काढला. असे करण्यामागे चित्रपट काढणाऱ्यांची कारणे काही असोत, पाहणाऱ्याने एवढे विचारावे की, ज्याच्या दुःखावर आपण रडतो तो आपल्यासारखाच दिसला पाहिजे, अशी अट आपल्या मनाने घातली आहे काय? दया अशी अट घालते. मैत्री ती घालत नाही.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तथागत आनंदासह विहारातून फिरत असताना त्यांनी त्याला पाहिले. त्यांनी विचारपूस केली तेव्हा कळले की, त्याची शुश्रूषा करणारे कोणी नाही. कारण काय? तो इतर भिक्खूंच्या कधी उपयोगी पडला नव्हता, म्हणून इतरही त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर ठेवले.

बंधूंनो, गोष्ट येथे संपली असती तर आपणही डोळे पुसून घरी गेलो असतो. पण तथागत येथे थांबले नाहीत. त्यांनी संघ बोलावला आणि नियम घालून दिला. आजारी भिक्खूची सेवा त्याच्या उपाध्यायाने करावी, आचार्याने करावी, शिष्याने करावी, सोबत राहणाऱ्याने करावी. आणि यांपैकी कोणीच नसेल तर ती संघाने करावी, न केल्यास संघाकडे दोष जाईल. म्हणजे जे एका दिवशी करुणेने केले, ते दुसऱ्या दिवसापासून सर्वांचे कर्तव्य झाले. आजाऱ्याला कोणाच्या मनाला पाझर फुटण्याची वाट पाहावी लागली नाही.

ट्रेव्हरच्या गोष्टीत नेमकी हीच उणीव आहे. त्याच्या मित्राला शाळेतील मुले वारंवार मारीत होती. हे थांबवणे शाळेचे काम होते, मोठ्या माणसांचे काम होते. ते एका कोवळ्या मुलाने जीव देऊन केले आणि मोठी माणसे नंतर मेणबत्त्या घेऊन आली. मी शिक्षक आहे म्हणून मला हे अधिक बोचते. शेवटाविषयी रागावलेल्या प्रेक्षकांचे म्हणणे मला या अर्थी पटते. मात्र जे रडले त्यांची मी थट्टा करणार नाही. वेदना जागी झाली हे चांगलेच आहे. ती कृतीपर्यंत जावी आणि कृती रीतीपर्यंत जावी, एवढेच धम्म सांगतो.

हीच तीन माणसांची कल्पना आपल्याकडे २००६ साली ‘स्टॅलिन’ या तेलुगू चित्रपटात आणि त्यावरून २०१४ साली ‘जय हो’ या हिंदी चित्रपटात आली. त्यात एका दिव्यांग मुलीला परीक्षेत लिहून देणारा लेखनिक मिळत नाही आणि ती जीव देते. प्रेक्षक हळहळतात. पण विचार करा, त्या मुलीला हवे होते ते काय? तिला लेखनिक हवा होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात परीक्षेसाठी जादा वेळेची आणि लेखनिकाची सोय सांगितली आहे. आपल्या वस्तीत असे मूल असेल तर त्याच्या आईबापांना हा कायदा सांगणे, शाळेत अर्ज देणे, अर्जाची पोच घेणे, हेही करुणेचेच काम आहे. त्यात रडण्यासारखे काही नाही, म्हणून त्यावर चित्रपट निघत नाही.

आपल्या आज्यापणज्यांना दयेचा अनुभव होता. पाणवठ्यावर कोणी दयाळू माणूस भेटला तर तो वरून ओंजळीत पाणी ओतीत असे. तहान भागत असे, पण ओंजळ खालीच राहत असे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने पाणी घेतले, तेव्हा ओतणाऱ्याच्या दयेची गरज संपवण्याचा आरंभ झाला. म्हणूनच १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या धम्मग्रंथात त्यांनी सांगितले की, करुणा पुरेशी नाही, तिच्या पुढे मैत्री हवी. करुणा माणसांपुरती असते, मैत्री प्राणिमात्रापर्यंत पोचते. मैत्रीत देणारा वर आणि घेणारा खाली असे राहत नाही.

वाचकहो, मग परतफेड पुढे करण्याची ती कल्पना टाकून द्यावी काय? मुळीच नाही. आपल्यापैकी जे घरातून पहिल्यांदा कॉलेजात गेले, त्यांना तर ती लागूच आहे. कोणी आपली फी भरली, कोणी जुनी पुस्तके दिली, कोणी वसतिगृहाचा अर्ज लिहून दिला. त्यांतील कितीजण आज हयात नाहीत. त्यांचे ऋण मागे फेडता येत नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जे दुःख बोलून दाखवले, ते याच तुटलेल्या साखळीचे दुःख होते. नोकरी लागली, गावकुसाबाहेरची वस्ती सुटली, शहरात घर झाले, आणि मागच्या मुलाचा अर्ज लिहायला कोणी उरले नाही.

तेव्हा या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर एक वही ठेवा. वस्तीतील कोणत्या मुलाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे, कोणत्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचे आहे, कोणाची शाळा सुटली आहे, ते तीत लिहा. प्रत्येक नावापुढे जबाबदारी घेणाऱ्याचे नाव लिहा. ज्याच्यापुढे कोणाचेच नाव पडणार नाही, त्याच्यापुढे ‘संघ’ असे लिहा, आणि पुढच्या पौर्णिमेला ती वही सर्वांसमक्ष उघडा.

जयभीम.