बाजाराची गोळी

गावात कुणाकडे कसलाही कागद आला, नोटीस असो, सातबारा असो की बँकेचं पत्र, तो आधी गुरुजींच्या ओसरीवर यायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले गुरुजी चष्मा पुसून कागद वाचायचे आणि अर्थ सांगायचे. वर्गात दर तासाला म्हणायचं वाक्य अजून तोंडातून गेलं नव्हतं, "ज्याला शंका असेल त्यानं हात वर करावा."

त्यांच्या पत्नीला, माईंना, आमवातानं धरलं होतं. सकाळी बोटं वळायची नाहीत, लाटणं हातात धरवायचं नाही. तेल, लेप, काढे सगळं करून झाल्यावर गुरुजी त्यांना कोल्हापूरला संधिवाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्या दिवशी तिथं गावातलीच हौसाक्काही आली होती. दुखणं तेच आणि पुढं चिठ्ठीवर औषधंही तीच निघाली. फरक एवढाच, की हौसाक्का शाळेची पायरी चढली नव्हती.

मेडिकलच्या दुकानात रांगेत हौसाक्का पुढं, गुरुजी मागं. तिनं काउंटरवरच्या मुलाला पाकिटावर काही लिहू दिलंच नाही. "दादा, लिवून मला काय उपेग? तोंडानं सांग. ही कशाची? कदी घ्यायची? किती दिस? आन काय झालं तर बंद करायची?" मुलानं सांगितलं. तिनं ते त्यालाच परत म्हणून दाखवलं. एकदा चुकली, त्यानं दुरुस्त केलं, पुन्हा म्हटलं. मागं रांग कुरकुरायला लागली. गुरुजींची एसटी सुटायला आली होती. ते म्हणाले, "हौसाक्का, डॉक्टर लिहून देतात ते कशासाठी?"

"तुमच्यासाटी, गुर्जी," ती म्हणाली, "मला कुटं वाचता येतंय?"

तिचं आटपल्यावर गुरुजींनी चिठ्ठी पुढं केली. मुलानं एक अख्खी पट्टी काढली, दुसरी कात्रीनं कापली, दोन पाकिटं भरली. एकावर लिहिलं, "सोमवारी १". दुसऱ्यावर, "रोज १, सोमवार सोडून". गुरुजींनी पाकिटं पिशवीत टाकली, चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि बस गाठली. हौसाक्काची बस चुकली. ती दोन तासांनी पुढच्या गाडीनं आली.

दोन्ही गोळ्या पिवळसर, दोन्ही बारीक. दोन्ही पट्ट्यांवर ठळक अक्षरांत छापलेलं नाव 'फॉली'नंच सुरू होत होतं. एक होती फॉलिक अॅसिडची, म्हणजे साधं जीवनसत्त्व. दुसरी मेथोट्रेक्सेटची. हे औषध मोठ्या मात्रेत कॅन्सरसाठी देतात. आमवातात ते थोडं देतात आणि आठवड्यातून एकदाच. शरीराला फॉलिक अॅसिडचा वापर ते नीट करू देत नाही. त्यामुळं जिथं पेशी भराभर तयार होतात तिथं ते आधी मारा करतं, तोंडाच्या आतल्या अस्तरावर आणि हाडातल्या मज्जेवर. त्याचा हा त्रास कमी व्हावा म्हणूनच सोबत फॉलिक अॅसिड देतात.

दुकानातल्या मुलानं सगळं बरोबर लिहिलं होतं. पाकिटं तेवढी अदलाबदल झाली होती. पट्टीवर औषधाचं खरं नाव बारीक अक्षरांत होतं, ते वाचायला चष्मा लागत होता. पाकिटावरचं अक्षर मोठं होतं, त्याला चष्मा लागत नव्हता. गुरुजींनी पाकीट वाचलं.

मंगळवारपासून माईंना रोज सकाळी न चुकता गोळी मिळू लागली. दुसरा आठवडा लागला तसं माईंचं तोंड आलं. घरात म्हणाले उष्णता झाली, सब्जा दिला, ताक दिलं. मग भाकरी गिळवेना, अंगात कणकण आली. गुरुजी त्यांना गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी योग्य तोच प्रश्न विचारला होता, "आणखी काही औषधं चालू आहेत?" गुरुजी म्हणाले, "सांध्याच्या गोळ्या आहेत, कोल्हापूरच्या मोठ्या डॉक्टरांच्या." नाव आठवत नव्हतं, पाकिटं घरी होती, आणि मोठ्या डॉक्टरांच्या औषधाबद्दल गावातल्या डॉक्टरांनी जास्त खोदून विचारणं दोघांनाही प्रशस्त वाटलं नसावं. तोंडाला लावायचं मलम आणि बी-कॉम्प्लेक्स घेऊन ते परतले. आपल्याकडे दवाखान्यात आदर आणि गप्प बसणं यांची अशी सरमिसळ झालेली असते, की कुठलं कुठं संपतं ते कळत नाही.

गुरुवारी सकाळी हौसाक्का माईंना बघायला आली. गुरुजी पेल्यात पाणी घेऊन उभे होते, तळहातावर पिवळी गोळी.

"गुर्जी, आज बाजार हाय का?"

"आज गुरुवार, हौसाक्का. बाजार सोमवारी."

"मग ही बाजाराची गोळी आज कशाला देताय?"

गुरुजी हसले. पाकीट आणून मोठ्यानं वाचून दाखवलं, "रोज एक, सोमवार सोडून." हौसाक्कानं पाकिटाकडे बघितलंही नाही. तिनं आतली पट्टी काढली, उलटी केली, कडेवरून बोट फिरवलं. "ही माज्या तांबड्या डबीतली. मी बाजारच्या दिशी घेती. रोज घ्यायची ती दुसरी, कापून दिल्याली. त्या पोरानं मला दोनदा सांगितलंय, रोज घेतलीस तर जिवावर बेतंल."

गुरुजी म्हणाले, "पण लिहिलंय ना इथं."

"लिवलं आसंल. तुमी इचारलं का?"

त्यांनी चष्मा लावला, खिशातली चिठ्ठी उलगडली, पट्टीवरचं बारीक नाव चिठ्ठीतल्या नावाशी ताडून पाहिलं. पट्टीतली आठ घरं रिकामी होती, नववी गोळी हातात होती. आठ आठवड्यांचं औषध नऊ दिवसांत पोटात गेलं होतं.

कोल्हापूरला नेईपर्यंत माईंच्या दंडावर काळेनिळे डाग दिसू लागले होते. रक्तात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटलेल्या निघाल्या. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट तत्काळ थांबवलं, त्यावर उतारा म्हणून फॉलिनिक अॅसिडची इंजेक्शनं सुरू केली, माईंना वेगळ्या खोलीत ठेवलं. माई वाचल्या. पण घरी आल्यावर महिनाभर त्यांना पातळ पेजेशिवाय काही गेलं नाही, आणि बोटांचं दुखणं होतं तिथंच होतं.

गुरुजींनी सुवाच्य अक्षरात तीन पानी तक्रारअर्ज लिहिला. औषधाचं मूळ नाव डॉक्टरांनी सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं, हा वैद्यकीय परिषदेचा 2016 सालचा नियम त्यांनी शोधून काढून त्यात घातला. त्यांचं चुकीचं नव्हतं. डॉक्टरांचं अक्षर घाईचं होतं, दुकानदारानं पाकिटं बदलली होती. डॉक्टरांनी स्वतःची चूक कबूल केली, ही गोष्ट फार वेळा घडत नाही म्हणून इथं नोंदवून ठेवतो. हौसाक्काला अर्ज वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "द्या की अर्ज. खरं पुढच्या खेपंला चिठ्ठी मिळंल, तवा हात वर करा."

जागतिक आरोग्य संघटनेनं औषधांतून होणारी इजा टाळण्यासाठी 2017 साली एक जागतिक मोहीम सुरू केली. रुग्णानं प्रश्न विचारायच्या पाच वेळा तिनं सांगितल्या आहेत: औषध सुरू होताना, घेताना, चालू औषधांत नवं मिळवताना, फेरतपासणीला आणि बंद करताना. हौसाक्काला या मोहिमेचा पत्ता नाही. गुरुजींना तो नंतर लागला आणि त्यांनी त्या पाच वेळा ओसरीवरच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवल्या. फळा वाचायला फारसं कोणी थांबत नाही. लोक अजून चिठ्ठ्या घेऊन येतात, पण गुरुजी आता औषधाची चिठ्ठी एकट्यानं वाचत नाहीत. "सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आण," म्हणतात, आणि आलेल्या माणसाला घेऊन मेडिकलमध्ये जातात. तिथं रांग लागते, कुरकुरते.

तुमच्या घरात कुणाला आमवात असेल आणि मेथोट्रेक्सेट चालू असेल, तर आज पट्टी काढा, चष्मा लावा, नाव चिठ्ठीशी जुळवा आणि गोळीचा वार ठरलेला आहे ना ते बघा. वार लिहिलेला नसेल तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. आणि मध्येच तोंड आलं, ताप आला किंवा अंगावर डाग उठले, तर सब्जाची वाट न बघता सगळी पाकिटं घेऊन थेट दवाखाना गाठा.