देऊळ या शब्दाचे कूळ



इंदूर व हातोद या बाजूच्या आपल्या मराठी घरांतून 'देऊळ' हा शब्द मागे पडत चालला आहे. मुले सहज 'मंदिर' म्हणतात. भोवतालची भाषा हिंदी, तेव्हा त्यांना दोष कसा द्यावा? शिवाय 'मंदिर' हाही अस्सल संस्कृत शब्द. त्याचा मूळ अर्थ निवासस्थान एवढाच. तथापि 'देऊळ' शब्दात त्याहून अधिक काही साठलेले आहे, म्हणून तो गमावणे आम्हांस परवडणारे वाटत नाही.

देऊळ म्हणजे मूळचे 'देवकुल'. प्राकृतात मधला 'क' गळाला, 'देवउल' झाले आणि मराठीने त्याचे 'देऊळ' केले. 'राजकुला'चे 'राऊळ' याच वाटेने आले. राजवाड्याचा तो शब्द पुढे देवाच्या घराला लागला. 'गर्भागारा'चा तसाच 'गाभारा' झाला.

संस्कृतात 'कुल' म्हणजे घराणे आणि घरही. भासाच्या 'प्रतिमा' नाटकात आजोळाहून परतणारा भरत अयोध्येबाहेर एका देवकुलात शिरतो. मूर्ती देवांच्या समजून तो वंदन करू लागतो, तोच तेथील देवकुलिक सांगतो की, या इक्ष्वाकुवंशातील राजांच्या प्रतिमा आहेत, आणि येथे केवळ दिवंगतांच्याच प्रतिमा बसवितात. त्या ओळीत दशरथाची प्रतिमा असते! पित्याचे निधन भरताला असे कळते. इंदुरात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांत होळकरांचे पुतळे पाहताना आम्हांस हा प्रसंग हटकून आठवतो.

राजाच्या कुलात कोण, हे वंशावळ सांगते. देवाच्या कुलात कोण? या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ काळ आपण लज्जास्पद दिले. पंढरीचा विठोबा सर्वांची माउली म्हणवितो; तरी त्याच्या राऊळात हरिजनांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ पासून प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. ते १० मे रोजी सुटले. लेकरांना आईच्या घरात शिरता यावे, यासाठी एका सत्पुरुषाला दहा दिवस अन्न वर्ज्य करावे लागावे! 'देवकुल' शब्दाचा अर्थ ज्यांना ठाऊक होता, अशा विद्वानांपैकीही काहींनी त्या काळी मंदिरप्रवेशास विरोध केला होता, हे विशेष खेदाचे.

देव्हारा, ओवरी, सभामंडप, निर्माल्य असे शब्द आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. आरतीस येताना प्रत्येक कुटुंबाने असे पाच-दहा शब्द कागदावर उतरवून पुजाऱ्यांकडे द्यावेत. पुढील अंकी त्यांतील काहींचे मूळ शोधू.