पाहुणेपणाची सोय

झांबियाच्या राजधानीतले, म्हणजे लुसाकाच्या कबुलोंगा किंवा आयबेक्स हिल भागातले घर रस्त्यावरून दिसत नाही. दिसते ती पुरुषभर उंचीहून मोठी भिंत, तिच्यावरच्या विजेच्या तारा, लोखंडी गेट आणि गेटाला लागून असलेली रखवालदाराची खोली. आत हिरवळ, आंब्याची आणि अॅव्होकाडोची झाडे, एका कोपऱ्यात बोअरवेल, लोखंडी स्टँडवर चढवलेली पाण्याची टाकी, गॅरेजमध्ये इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या, आणि सगळ्यात मागे नोकरांसाठी एक-दोन खोल्या. भाडे बहुतेकदा डॉलरमध्ये ठरलेले असते आणि ते कंपनी, बँक, दूतावास किंवा एखादी आंतरराष्ट्रीय संस्था भरते. दोन-तीन वर्षांच्या करारावर आलेली अशी कुटुंबे युरोप-अमेरिकेतली असतात तशी भारतातलीही असतात. हिशेब तपासनीस, डॉक्टर, मोबाइल कंपन्यांतले इंजिनीअर यांत मराठी घरेही आहेत. त्यांची शहराबद्दलची भूमिका एका वाक्यात मावते: आपण इथले थोडेच, उद्या जायचे आहे. वरवर हे वाक्य नम्र वाटते. यजमानाच्या घरात पाहुण्याने नाक खुपसू नये, असा त्यातला भाव. माझे म्हणणे असे की हा तात्पुरतेपणा निरुपद्रवी नाही. दोन-तीन वर्षांसाठी आलेले घरसुद्धा पाणी, वीज, भाडे आणि मजुरी यांबाबत शहरावर रोज परिणाम करत असते. पाहुणेपणामुळे त्या परिणामांचा जाब फक्त टळतो.

लुसाकाला तात्पुरत्या रहिवाशाची ओळख जुनी आहे. उत्तर ऱ्होडेशियाची, म्हणजे आजच्या झांबियाची, राजधानी १९३५ मध्ये लिव्हिंगस्टनहून इथे हलली. त्याआधी १९३१ मध्ये प्राध्यापक अॅडशेड यांनी तिचा आराखडा दिला होता: रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, गोऱ्यांसाठी ऐसपैस प्लॉट. आफ्रिकी माणूस त्या आराखड्यात मजूर म्हणून होता, नागरिक म्हणून नव्हता. त्याचे खरे घर गावात, शहरात तो मजुरीपुरता येणार आणि काम संपले की परत जाणार, हे वसाहतीच्या कारभाराचे गृहीतक. १९४८ मध्ये कायद्याने मालकांवर कामगारांच्या निवाऱ्याची जबाबदारी टाकली, पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा की नोकरी सुटली की छप्परही सुटले. त्या काळच्या तात्पुरत्या माणसावर सगळी बंधने होती आणि हक्क जवळजवळ नव्हते. १९६४ च्या स्वातंत्र्यानंतर माणसे शहरात आली ती राहायला. आराखड्यात जागा नव्हती म्हणून कन्यामा, चावामा, कलिंगलिंगा अशा वस्त्या, ज्यांना तिथे ‘कंपाउंड’ म्हणतात, वाढत गेल्या. आज तात्पुरता म्हणवणारा माणूस त्या जुन्या ऐसपैस प्लॉटवर राहतो. सोयी सगळ्या त्याच्याकडे आहेत, बंधने नावापुरती.

याचा सगळ्यात ठोस पुरावा पाण्यात आहे. लुसाका चुनखडी आणि डोलोमाइटच्या खडकावर वसले आहे. या खडकात भेगा आणि पोकळ्या भरपूर, त्यामुळे भूजल मुबलक. शहराच्या पाण्याचा मोठा वाटा जमिनीखालून येतो, उरलेले काफुए नदीवरून नळाने. पण ज्या भेगांमुळे पाणी मुरते त्यांतूनच मैलाही मुरतो. कन्यामासारख्या वस्तीत खडक इतका वर आहे की शौचालयाचा खड्डा खोल खणता येत नाही. तो पावसाळ्यात भरतो आणि शेजारच्या उथळ विहिरीत उतरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या कॉलऱ्याच्या साथीत देशभरात सातशेहून अधिक माणसे गेली. राजधानीतल्या हीरोज स्टेडियमचे उपचारकेंद्र करावे लागले, जानेवारीत शाळा उघडायच्या लांबल्या. कबुलोंगातल्या घराला यातले काही भोगावे लागले नाही असे नाही, पण त्याच्याकडे खोल बोअर होता, फिल्टर होता आणि वरून बाटलीबंद पाणी. खालचा जलसाठा दोघांचा एकच. खोल पाइप टाकणाऱ्याने त्यातले स्वच्छ पाणी घेतले आणि नळपाणी योजनेकडे पाठ फिरवली. पैसेवाला, शिकलेला, तक्रार करू शकणारा ग्राहक असा एकेक करून बाहेर पडला की पाणीपुरवठा संस्थेकडे उरतात ते बिल भरताना मेटाकुटीला येणारे लोक. मग पाइप दुरुस्त करायला पैसा कुठून यायचा? २०१८ मध्ये सरकारने खासगी बोअरची नोंदणी सक्तीची करून घरगुती बोअरवर एकदाच भरायचे शुल्क लावले. त्यावर झालेली ओरड पाहिली तर जमिनीखालचे पाणी सार्वजनिक आहे हे मानणे बोअरवाल्यांना किती अवघड गेले ते कळते.

विजेचे वेगळे सांगायला नको. झांबियाची ऐंशी टक्क्यांहून अधिक वीज पाण्यापासून होते आणि तिचा मोठा आधार झांबेझीवरचे करिबा धरण. २०२४ च्या दुष्काळात, जो फेब्रुवारीअखेर राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर झाला, करिबाची पातळी इतकी खाली गेली की काही भागांत दिवसाला जेमतेम तीन तास वीज मिळे. सौर पॅनेल आणि बॅटऱ्या परवडणाऱ्यांनी त्या बसवल्या. शिवणयंत्र, वेल्डिंग, केस कापायचे दुकान चालवणाऱ्यांनी कामच थांबवले.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. याच घरामुळे तीन घरांच्या चुली पेटतात: कामवाली, माळी, रखवालदार. बेकारी असलेल्या देशात हे थोडे आहे का? थोडे नाही. पण हा रोजगार कोणत्या अटींवर आहे तेही पाहायला हवे. मानववंशशास्त्रज्ञ कॅरेन ट्रॅनबर्ग हॅन्सन यांनी झांबियातल्या मालक-नोकर संबंधांचा १९०० ते १९८५ पर्यंतचा इतिहास १९८९ च्या ग्रंथात मांडला. वसाहतकाळात घरकाम ही मुख्यतः पुरुषांची नोकरी होती, बायका त्यात नंतर आल्या. मालक गोरे होते, मग झांबियन आले, भारतीयही होतेच. एवढे सगळे बदलूनही एकाच आवारात दोन दर्जांची माणसे राहतात ही रचना टिकली. २०११ मध्ये सरकारने घरकामगारांसाठी किमान वेतनाचा स्वतंत्र आदेश काढला. परदेशी घर साधारणपणे त्याहून जास्तच देते आणि तेवढ्यावर स्वतःला उदार समजते. प्रश्न पगाराच्या आकड्याचा कमी आणि कराराच्या लांबीचा जास्त आहे. कलिंगलिंगाहून मिनिबसचे पैसे वाचवायला पायी येणाऱ्या बाईच्या नोकरीची मुदत मालकाच्या व्हिसाइतकी. कुटुंब निघते तेव्हा तिला एक शिफारसपत्र, जुनी भांडी, मुलांचे कपडे मिळतात, आणि नशीब असेल तर पुढच्या भाडेकरूकडे तिची रवानगी होते. पंधरा वर्षांत पाच कुटुंबांकडे राबलेल्या बाईची सेवा कागदावर पाचदा शून्यापासून सुरू होते. २०२४ मध्ये मक्याच्या पिठाची पंचवीस किलोची पिशवी तीनशे क्वाचांच्या (क्वाचा हे झांबियाचे चलन) वर गेली, तेव्हा निरोपाला मिळालेल्या भांड्यांचा तिला काय उपयोग झाला असेल?

दुसरा आक्षेप असा की हे सगळे झांबियन श्रीमंतही करतात, मग परक्यावरच बोट का? खरे आहे, भिंती त्यांच्याही उंच आहेत. पण झांबियन श्रीमंताला मत आहे, नातेवाईक कंपाउंडमध्ये आहेत, म्हातारपण इथेच काढायचे आहे. शहर बिघडले तर ते त्याच्या अंगावर येणार. शिवाय चांगल्या वस्तीतल्या भाड्याचा भाव परदेशी पगार ठरवतात. २०१२ मध्ये सरकारने देशांतर्गत व्यवहारात डॉलरचे दर लावायला बंदी घातली आणि २०१४ मध्ये ती मागे घेतली. क्वाचाची घसरण सुरू झाली की डॉलरवाल्याला घर स्वस्त होते आणि क्वाचात कमावणारा प्राध्यापक त्या वस्तीतून बाहेर पडतो.

भारतीय वाचक आणखी एक म्हणेल: टँकर, बोअर, जनरेटर, गेटवरचा रखवालदार हे पुण्यातल्या सोसायटीत नाही का? आहे, जसेच्या तसे. म्हणूनच तर लुसाकातल्या मराठी घराला ‘आम्ही गोरे साहेब नाही’ ही सबब चालत नाही. महानगरपालिकेचे पाणी येईना म्हणून टँकर आणि मग टँकर आहे म्हणून महानगरपालिकेवर दबाव नाही, हे चक्र आपण घरीच पाहिलेले आहे. पुण्यात निदान सोसायटीचा अध्यक्ष नगरसेवकाला गाठतो, मोर्चा नेतो, मत देतो किंवा देत नाही. लुसाकात करारावर आलेला माणूस कोणाला गाठणार? परदेशी नागरिकाने स्थानिक राजकारणात पडावे असे मी म्हणत नाही. परवान्यावर राहणाऱ्याने ते करू नये आणि त्याला कोणी करूही देणार नाही. चोऱ्या होतात, तेव्हा भिंतही पाडा असे कोणी म्हणणार नाही. पण भिंतीच्या आत जे घडते ते पूर्णपणे त्याच्या हातात आहे.

या शहरात भारतीयांची दुसरी एक जातकुळी आहे. वसाहतकाळात आलेले, कमवालासारख्या भागात दुकाने थाटलेले गुजराती व्यापारी. १९६८ च्या मुलुंगुशी धोरणाने मुख्य शहरांच्या मध्यवर्ती भागांबाहेरच्या किरकोळ व्यापाराचे परवाने झांबियन नागरिकांपुरते राखले, तेव्हा त्यांना ठरवणे भाग पडले: पासपोर्ट बदलायचा की गाशा गुंडाळायचा. काही गेले, काही नागरिक झाले, त्यांच्या पुढच्या पिढ्यांतून मंत्रीही निघाले. त्यांच्यावर नफेखोरीचे आरोप झाले, ते सगळेच खोटे होते असे नाही. पण शहराला त्यांना जाब विचारता आला. करारावर आलेल्या कुटुंबाला असा प्रश्न कधीच पडत नाही. त्याची मुले फ्रेंच शिकतात, बाजारात बोलली जाणारी न्यांजा शिकत नाहीत. शिकून करायचे काय, दोन वर्षांनी दुबई.

त्या कुटुंबाकडून जुन्या व्यापाऱ्यांसारखी निवड मागणे अन्यायाचे होईल. मागता येईल ती गोष्ट बरीच छोटी आणि पूर्ण कायदेशीर आहे. नोकरीच्या करारात कंपनी घरभाडे, मुलांची फी, वर्षाचे विमानतिकीट, रखवालदार, काही ठिकाणी सामानाचा कंटेनर इतके सगळे ओळीने लिहून देते. त्याच यादीत घरकामगाराच्या निवृत्तिवेतनाचा हप्ता, सेवा संपतानाची देय रक्कम आणि बोअरची नोंदणी घालायला तीन ओळी लागतील. पगाराच्या वाटाघाटीत फीच्या रकमेवर आठवडाभर घासाघीस करणाऱ्या माणसाला या तीन ओळी मागणे जड जाऊ नये.