राधिकेची बाजू



'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका झी मराठीवर २०१६ ते २०२१ अशी चालली. नागपूरची राधिका वऱ्हाडी बोले, म्हणून पातुरात ती आपल्याला घरचीच वाटली. "राधिकेचंच चुकते," असे शेजारीण म्हणाली, की आपणच दुखावत होतो. राधिकेला काय लागणार? ती कागदावरची! लागले ते आपल्या स्वतःच्या सोसण्याला.

दावीद राजा तर गोष्टीतल्या श्रीमंतावर संतापला. गरिबाची एकुलती मेंढी हिरावणाऱ्याला मरणच योग्य, म्हणाला (२ शमुवेल १२). तो श्रीमंत म्हणजे राजाच, हे नाथान संदेष्ट्याने सांगितले तेव्हा मात्र तो नाथानवर उलटला नाही. त्याने पाप कबूल केले.

मालिका संपली. तिच्यापायी धरलेला अबोला उरला असेल, तर पुढल्या मिस्सेआधी आपण शेजारणीच्या दारी जाऊ या.