पाटी कोरी करण्यापूर्वी

एखादी वस्तू पूर्ण दाम मोजून विकत घेतली म्हणजे ती सर्वस्वी आपली झाली, असा आपला सामान्य समज असतो. भांडे, वस्त्र वा खुर्ची यांच्या बाबतीत तो सहसा खोटा ठरत नाही. परंतु घरोघरी आलेल्या लॅपटॉपच्या बाबतीत या समजाचा पुन्हा विचार करणे प्राप्त झाले आहे. नवा लॅपटॉप प्रथम सुरू केला की त्यात बहुधा विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टीम असतेच. पण तिच्या जोडीला काही दिवसांपुरता फुकट असलेला अँटिव्हायरस, न मागितलेले खेळ, खरेदीच्या जाहिराती आणि कंपनीचे स्वतःचे साहाय्यक प्रोग्राम अशी बरीच मंडळी अगोदरच बिऱ्हाड थाटून बसलेली आढळतात. नव्या घराचे दार उघडावे आणि आत परके भाडेकरू दिसावेत, तसाच हा प्रकार होय. शिवाय या बिऱ्हाडाचे भाडे घरमालकास मिळत नाही, घर बांधणाऱ्यास मिळते. कारण आपला प्रोग्राम यंत्रात घालावा म्हणून सॉफ्टवेअर कंपन्या यंत्र बनविणाऱ्यास पैसे देत असतात.

यावर उपाय म्हणून जाणती मंडळी यंत्रातील सर्व काही पुसून ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बसवितात. बोलीत यास ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. कृती फार अवघड नाही. मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे साधन किमान 8 जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर उतरवावयाचे, त्यावरून यंत्र सुरू करावयाचे आणि जुने विभाग पुसून विंडोज पुन्हा बसवावयाची. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून परवान्याची किल्ली सामान्यतः यंत्रातच नोंदलेली असल्यामुळे ती वेगळी विकत घ्यावी लागत नाही. कंपनीने दिलेली ‘रिकव्हरी’ची वाट मात्र निराळी. ती यंत्रास बहुधा कारखान्यातून निघालेल्या स्थितीत नेऊन सोडते, आणि निघालेले भाडेकरू परत येतात.

तथापि येथे आपणांस कृतीपेक्षा तिच्यामागील नीतीचा विचार करावयाचा आहे. न मागता दिलेली वस्तू ही देणगी की अतिक्रमण? आणि दुसऱ्याने मांडलेले सारे पुसून टाकण्याचा अधिकार कोणास, व कोणत्या अटीवर?

विक्रेत्याची बाजू प्रथम ऐकली पाहिजे. तो म्हणेल, या व्यवसायात नफा थोडा. अशा प्रोग्रामांपासून काही प्राप्ती होते म्हणून यंत्र स्वस्त देता येते. हे म्हणणे अगदीच निराधार नाही. 2008 साली सोनी कंपनीने आपल्या काही लॅपटॉपांवर असे प्रोग्राम न घालता यंत्र देण्यासाठी 50 डॉलर जादा आकारण्याचे ठरविले होते. ग्राहकांत नाराजी उमटताच ती आकारणी मागे घेण्यात आली. परंतु त्या व्यवहारात निदान एक गोष्ट उघड होती: काय घातले आहे आणि ते न घालण्याची किंमत काय, हे ग्राहकास ठाऊक होते. त्यास हो वा नाही म्हणता येत होते.

याच्या उलट उदाहरण लेनोवो कंपनीचे. 2014 सालच्या उत्तरार्धात तिच्या काही लॅपटॉपांत सुपरफिश नावाच्या कंपनीचा, खरेदीच्या वेळी जाहिराती दाखविणारा एक प्रोग्राम घालण्यात आला. जाहिरात हा काही अपराध नव्हे. परंतु बँकेशी वा दुकानाशी आपले जे गुप्त दळणवळण इंटरनेटवरून चालते, ते खरोखर त्याच बँकेशी चालले आहे याची ग्वाही संगणकातील काही प्रमाणपत्रांवर अवलंबून असते. या प्रोग्रामने तेथे स्वतःचेच प्रमाणपत्र रोवले होते. इतकेच नव्हे, तर सर्व यंत्रांत त्याची गुप्त किल्ली एकच होती आणि तिचा पासवर्ड तज्ज्ञांस सहज उलगडण्याजोगा निघाला. फेब्रुवारी 2015 मध्ये हे उघडकीस आले. प्रोग्राम काढून टाकला तरी प्रमाणपत्र मागे राहत असे. पुढे 2017 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी व 32 राज्यांशी कंपनीने तडजोड केली, आणि राज्यांस 35 लक्ष डॉलर देण्याचे मान्य केले. आरोप मात्र मान्य केले नाहीत.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली असता दोष नेमका कोठे आहे, हे दिसून येते. विकावयाच्या यंत्रात काही भर घालणे हा दोष नव्हे. दुसऱ्याच्या घरात त्यास न विचारता, न सांगता व्यवस्था लावणे हा दोष होय. आपल्या निवृत्तिवेतनाचा हिशेब लॅपटॉपवर पाहणाऱ्या वृद्ध गृहस्थास त्या प्रमाणपत्राचा अर्थ कळला नसता, हे खरे. पण समोरच्याला कळत नाही म्हणून विचारण्याचे कर्तव्य हलके होत नाही. किंबहुना ते अधिकच जड होते.

मग सर्व पुसले म्हणजे आपण निर्धास्त झालो काय? तसेही नाही. 2015 सालीच असे दिसून आले की, लेनोवोच्या काही यंत्रांत कंपनीचा एक प्रोग्राम हार्ड डिस्कवर नव्हे, तर यंत्राच्या मूळ चिपमध्ये ठेवलेला होता. विंडोज पूर्ण नव्याने बसविली तरी तो पुन्हा प्रकट होत असे. चोरी झालेले यंत्र शोधता यावे अशा उपयोगांसाठी मायक्रोसॉफ्टने ठेवलेल्या सोयीतून ही वाट निघाली होती. कंपनीने पुढे सुधारणा पुरवून तो बंद केला. तात्पर्य, पुसण्यालाही मर्यादा असते, आणि शेवटी आपण कोणावर तरी विश्वास टाकीतच असतो. म्हणूनच ज्याच्यावर तो टाकला जातो त्याचे दायित्व मोठे.

येथवर दोष दुसऱ्याचा होता. आता पुसणाऱ्याकडे वळू. मामांचा लॅपटॉप मंद चालतो असे पाहून एखादा हुशार भाचा रविवारच्या दुपारी तो झटपट फॉरमॅट करून देतो. हेतू निर्मळ, श्रमही फुकट. परंतु मामांनी वीस वर्षे जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेली कुलवृत्तान्ताची पाने त्यात असतात. ती पाने दुसरीकडे जपून ठेविली, पण फाँट गेला, तर उघडताच निरर्थक रोमन अक्षरांच्या ओळी दिसतात. पाने जपलीच नसतील तर तेवढेही उरत नाही. यंत्रासोबत आलेले ऑफिस मामांच्या खात्यास जोडलेले होते की नव्हते, वाय-फायचा ड्रायव्हर हाताशी आहे की नाही, डिस्क कुलूपबंद असल्यास तिची 48 अंकी किल्ली कोणाजवळ आहे, हे सारे अगोदर पाहावयाचे असते. भाच्यास जे अडगळ वाटले, ते मामांचे संचित असू शकते. न विचारता घालणारी कंपनी आणि न विचारता पुसणारा भाचा यांच्या हेतूंत महदंतर आहे. पण दुसऱ्याच्या घरात त्याच्या वतीने आपणच निर्णय घ्यावयाचा, ही चूक दोघांचीही एकच.

म्हणून ज्यास हे काम येते त्याने प्रथम मालकाजवळ बसावे. एकेक वस्तू दाखवून ‘हे आपले आहे काय, हे ठेवावयाचे काय’ असे विचारावे. त्याचे जे असेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून, तेथून उघडून खात्री करून घ्यावी. आणि मगच पुसावयास हात घालावा. यास एखादी दुपार अधिक लागेल. तसेच ज्यास हे येत नाही त्यानेही ‘मला यातले काही समजत नाही’ म्हणून मोकळे होऊ नये. आपल्या यंत्रात काय काय आहे आणि ते कोणी ठेवले आहे, एवढे विचारण्याचा अधिकार त्यास दाम मोजतानाच मिळालेला असतो. तो त्याने वापरावा, दुकानातही आणि घरातही.