दोषी कोणीच नाही, मग जबाबदार कोण?



अटलांटिक महासागरात सारगासो नावाचा एक समुद्र आहे. त्याला जमिनीचा किनाराच नाही. त्याच्या पाण्यावर सारगासम नावाचे सोनेरी-तपकिरी शेवाळ तरंगत असते. कासवांची पिल्ले, खेकडे आणि लहान मासे त्याच्या आडोशाने वाढतात. १४९२ साली कोलंबसाच्या खलाशांनीही ते पाहिले होते. भर समुद्रात हे शेवाळ म्हणजे देवाने बांधलेला पाळणाच आहे.

२०११ पासून मात्र हेच शेवाळ ढिगांनी कॅरिबियन बेटांवर येऊन पडू लागले. २०१८ साली त्याचा पट्टा पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे ८,८५० किलोमीटर पसरला. त्या वर्षी बार्बाडोसने राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. मे २०२५ मध्ये हे शेवाळ ३ कोटी ७५ लाख टनांवर गेले. तो तोपर्यंतचा उच्चांक होता. किनाऱ्यावर ते कुजते, सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो, माणसांना श्वासाचा त्रास होतो. मच्छीमारांना होडी बाहेर काढता येत नाही आणि त्यांची चूल अडते.

हे कोणी केले? अभ्यासक एकच कारण सांगत नाहीत. २००९-१० च्या हिवाळ्यातील विलक्षण वाऱ्यांनी शेवाळ दक्षिणेच्या उबदार पाण्यात लोटले, असे मानले जाते. त्याला पोषण मिळते ते खोल पाण्यातून, तसेच नद्यांवाटे येणाऱ्या खतांतून आणि सांडपाण्यातून. धुराने तापलेला समुद्र वारे आणि प्रवाह बदलतो, त्याचाही यात वाटा असू शकतो. म्हणजे बेटावरच्या कोळ्याला त्रास द्यावा असे कोणाच्याही मनात नव्हते. शेतकऱ्याने पिकासाठी खत टाकले, कोणी घरात दिवा लावला, कोणी गाडी चालवली. मग हे पाप आहे का?

संत थॉमस अक्वायनस अज्ञानाचे दोन प्रकार करतात. जे जाणणे माणसाच्या आवाक्यातच नव्हते, त्या अज्ञानाचा दोष त्याला लागत नाही. पण जे जाणणे शक्य होते आणि कर्तव्यही होते, ते हयगयीने जाणून घेतले नाही, तर ते अज्ञानच दोष ठरते. आपल्या आजोबांना समुद्र तापतो हे ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा त्यांची सबब आपल्याला चालणार नाही.

कोणी म्हणेल, “फादर, माझा वाटा समुद्रातल्या थेंबाएवढा. मी थांबलो म्हणून काय होणार?” हे खरे आहे की सर्वांचा वाटा सारखा नाही. श्रीमंत देशांचा आणि मोठ्या उद्योगांचा वाटा मोठा, म्हणून त्यांचे देणेही मोठे. परंतु वाटा लहान असणे आणि वाटा नसणे यांत फरक आहे. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या परिपत्रकात ‘पापाच्या रचना’ असा शब्द वापरला. अशा रचना आपोआप उभ्या राहत नाहीत. त्यांच्या मुळाशी व्यक्तींचीच कृत्ये असतात आणि व्यक्तींचे गप्प बसणेही असते.

तरीही केवळ दोष मोजत बसलो तर आपण वाटेतच अडकू. संत लूकच्या शुभवर्तमानातील भला शमरोनी आठवा. त्या वाटसरूला त्याने मारले नव्हते. लुटारूंना शोधून काढीपर्यंत तो थांबलाही नाही. त्याने जखमा बांधल्या आणि खाणावळवाल्याला पदरचे दोन दिनार दिले. दोष मागे वळून पाहतो, जबाबदारी पुढे पाहते. शेजारी कोण, हे अंतरावर ठरत नाही.

मिस्साच्या आरंभी आपण न केलेल्या कर्तव्याबद्दलही क्षमा मागतो. या आठवड्यात त्या क्षणी प्रत्येकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: माझ्या घरातून, शेतातून, गटारातून जे वाहून जाते, ते कोणाच्या दारात जाऊन पडते? उत्तर मिळाले की एक सवय बदलावी. आणि ज्यांना आपण कधी भेटणार नाही, त्या बेटांवरच्या कोळीबांधवांसाठी प्रार्थना करावी.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू