कासव कोणाचे?



शाळांना सुट्टी लागली की मुलांचे हट्ट सुरू होतात. अलीकडे त्यात एक हट्ट वारंवार ऐकू येतो : "मला कासव पाहिजे." कुणाला ते रंगीत मासे विकणाऱ्या दुकानात दिसलेले असते, कुणाला पहिल्या पावसात नाल्याकाठी. आईवडिलांना वाटते, कुत्र्या-मांजरापेक्षा हे बरे. भुंकत नाही, घर घाण करत नाही, खातेही थोडे. मग आम्हाला विचारतात, "फादर, पोरासाठी कासव आणले तर त्यात वाईट काय?" प्रश्न लहान आहे, पण त्याच्या पोटात मोठा प्रश्न आहे. ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्यावर आपला हक्क किती?

आधी कायद्याचे पाहू. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले स्टार कासव आणि विहिरी-तळ्यांत सापडणारे मऊ पाठीचे कासव, ही दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती पकडणे, विकणे, घरी पाळणे हा गुन्हा आहे आणि त्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. घरात कासव असले की पैसा येतो या समजुतीने ती पकडली जातात. पैसा येत नाही. पोलीस मात्र येऊ शकतात.

दुकानात नाण्याएवढे हिरवे पिल्लू मिळते, त्याच्या कानामागे लाल पट्टा असतो. ते मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. नाण्याएवढे ते पिल्लू वाढून जेवणाच्या ताटाएवढे होते आणि वीस-तीस वर्षे सहज जगते. म्हणजे आज दुसरीत असलेल्या मुलाचे लग्न होऊन त्याची मुले शाळेत जाऊ लागतील, तरी कासव हयात असेल. त्याचे पाणी तोवर कोण बदलणार? बहुतेक घरांत दोन-तीन वर्षांत कंटाळा येतो आणि कासव नदीत सोडले जाते. तिथे ते आपल्या देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. शिवाय अशा कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. लहान मुले त्यामुळे आजारी पडू लागली म्हणून अमेरिकेने १९७५ सालीच चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

पण समजा, कायद्याची आणि रोगाची अडचण नसती, तर? आमच्या मते खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

अमेरिकेत जमिनीवर राहणारे एक कासव आहे. भीती वाटली की ते पोटाकडची झडप लावून पेटीसारखे घट्ट बंद होते. अभ्यासकांना त्याच्याविषयी असे आढळले, की ते जवळजवळ सारे आयुष्य दोन-चार शेतांएवढ्या जागेत काढते. त्याला उचलून दूर नेऊन सोडले, तर त्यातली बरीच कासवे आपली जुनी जागा शोधत चालत राहतात. वाटेत रस्ता आला तर गाडीखाली मरतात. आपली जागा सुटणे म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणीतील ३३ गावे बाधित झाली. माणसाचे दुःख आणि प्राण्याचे दुःख आम्ही एका तराजूत घालत नाही. पण ज्याने स्वतः जागा गमावली आहे, त्याला दुसऱ्याची जागा हिरावताना हात थोडा थबकावा, एवढी अपेक्षा चूक नाही.

इथे कुणी म्हणेल, "फादर, आपण मासे खातो, कोंबडी कापतो, मग प्रेमाने पाळलेल्या कासवाचे एवढे काय?" आक्षेप योग्य आहे. ख्रिस्तसभेची शिकवण अन्नासाठी प्राणी वापरण्याला मना करत नाही. विनाकारण त्यांना दुःख देणे माणसाला शोभत नाही, असे सांगते. भूक ही गरज आहे, करमणूक ही गरज नव्हे. शेळी, कोंबडी, कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने वाढले. आपण हाक मारली की ते येतात. कासव येत नाही. ते पाय आत ओढून घेते. आपण म्हणतो, "किती शांत आहे!" ती शांतता नसून भीतीही असू शकते.

संत थॉमस अक्विनास आणि पुढे कांट यांनी सांगितले, की प्राण्यांशी निर्दय वागणारा माणूस माणसांशीही निर्दय होतो. आम्ही त्याला एक जोड देऊ. ज्या मुलाला शिकवले जाते की 'आवडले म्हणजे घरी आणायचे', ते मोठेपणी माणसांवरही तसेच प्रेम करील : मुठीत धरून. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर प्राण्यांना आदामापुढे आणतो, तो त्यांना नावे देण्यासाठी. नाव देण्यासाठी आधी नीट पाहावे लागते. पिंजरा लागत नाही.

म्हणून पालकांनो, मुलाला नुसते 'नाही' म्हणू नका. त्याला तापीकाठी, रंगावलीकाठी किंवा गावच्या तळ्यावर सकाळी घेऊन जा. कासव उन्हाला येऊन बसले तर दुरून दाखवा, आणि ते पाण्यात शिरले की हसत घरी परता. ज्यांच्या घरी देशी कासव आधीच आहे, त्यांनी ते गुपचूप कुठेही न सोडता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. लाल पट्ट्याचे असेल तर ते नदीत सोडू नये. आणले आहे तर त्याचे आयुष्यभर करावे. तेही मुलासाठी एक शिक्षणच आहे.

कासव कोणाचे? ज्याने ते घडवले त्याचे. आपल्याकडे ते सोपवलेले आहे, आणि सोपवलेली वस्तू खेळणे नसते.

तुमचा,
फादर